अनुक्रमणिकेतील टिंबे

ग्रंथातील जी पृष्ठे वाचकाच्या दृष्टीस सर्वांत आधी पडतात त्यांपैकी बहुतेक छापखान्यात सर्वांत शेवटी तयार होतात, आणि अनुक्रमणिका तर त्यांतही अखेरची; कारण कोणते प्रकरण कोणत्या पृष्ठावर सुरू होते याचा निकाल लागेपर्यंत तिला हात लावता येत नाही, आणि तो निकाल लागतो तेव्हा प्रकाशनसमारंभाची तारीख मुक्रर झालेली असते, अध्यक्षांस निमंत्रण गेलेले असते आणि प्रकाशक दर अर्ध्या तासाने चौकशी करीत असतो. अशा घाईत प्रकरणाचे नाव आणि पृष्ठांक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत टिंबांची जी ओळ घातली जाते, तिच्याकडे पाहण्यास कोणास सवड असणार? मुद्रितशोधक नावे तपासतो, अंक तपासतो. टिंबे तपासण्याचा शिरस्ता नाही. माझ्या व्यावसायिक आयुष्याचा पुष्कळसा भाग आधी खिळ्यांच्या छापखान्यात मुद्रिते वाचण्यात आणि पुढे संगणकावर पुस्तकांची मांडणी करण्यात गेला, आणि या दुर्लक्षित टिंबांनी मला जितके अडवले व जितके शिकवले तितके दिमाखदार मुखपृष्ठांनीही शिकवले नाही, असे मी म्हटले म्हणजे ऐकणाऱ्यास ती अतिशयोक्ती वाटते. म्हणून थोडा तपशील सांगणे प्राप्त आहे.

मी प्रथम छापखान्यात जाऊ लागले तेव्हा खिळ्यांच्या जुळणीचा व्यवसाय मावळतीस लागला होता. मात्र आमच्या छापखान्यापर्यंत ती वार्ता अद्याप पोहोचलेली नव्हती. तिथले ज्येष्ठ जुळारी अनुक्रमणिकेचा कागद हाती आला की प्रथम ओळी मोजत आणि मग कपाळास आठ्या घालीत. कारण केसमध्ये पूर्णविरामाचे खिळे बेताचेच असत, आणि एका अनुक्रमणिकेत ते इतके खर्ची पडत की त्याच दिवशी दुसऱ्या फर्म्याची जुळणी करणाऱ्यास आपली वाक्ये संपवण्याची पंचाईत होई. दोन-दोन, तीन-तीन टिंबे एकाच तुकड्यावर ओतलेले खास खिळे मिळत असत, पण आमच्या मालकांच्या मते ती चैन होती. लेखकाने प्रकरणे कमी करावीत, आणि ते जमत नसेल तर प्रकरणांची नावे तरी ऐसपैस द्यावीत, म्हणजे मधली जागा कमी उरेल आणि टिंबे वाचतील, अशी सूचना या जुळाऱ्यांनी एका अत्यंत गंभीर प्रकृतीच्या इतिहासलेखकास केल्याचे मी स्वतः ऐकले आहे. आणि त्या लेखकाने ती सूचना तितक्याच गांभीर्याने फेटाळल्याचेही.

परंतु कुरकुर करीत का होईना, जुळारी टिंबे ज्या रीतीने बसवीत ती रीत पाहण्याजोगी होती. जुळणी डावीकडून होत असली तरी टिंबांचा हिशेब ते उजव्या काठापासून करीत. म्हणजे असे की, नाव संपल्यावर जी वेडीवाकडी जागा उरे ती प्रथम कोऱ्या तुकड्यांनी भरून काढीत, आणि तिथून पुढे अंकापर्यंत टिंबे अशा मापाने येत की वरच्या ओळीतले टिंब आणि खालच्या ओळीतले टिंब नेमके एकाखाली एक उभे राही. नाव आखूड असो की लांब, टिंबांचे उभे स्तंभ ढळत नसत. याउलट नावाला चिकटून लगेच टिंबे सुरू केली, तर प्रत्येक ओळीतली टिंबे आपापल्या नावाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे सरकतात, आणि सबंध पानावर एक अस्वस्थ चळवळ उमटते, जिचे कारण वाचकास सांगता येत नाही, पण जिचा त्रास त्याच्या डोळ्यांस होतोच. पुष्कळ वर्षांनी टेक या अक्षरजुळणीच्या आज्ञाप्रणालीशी माझा परिचय झाला. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी ती १९७८ मध्ये प्रथम प्रसृत केली. तीत टिंबांच्या ओळीसाठी जी मूळ आज्ञा आहे ती टिंबांना नावाच्या शेवटापासून मोजीत नाही. जणू पानावर एक अदृश्य जाळे आखलेले आहे असे मानून त्या जाळ्याच्या घरांतच टिंबे बसवते, आणि उरलेली जागा कोरी सोडते. आमच्या जुळाऱ्यांनी क्नूथ यांचे नाव ऐकले नव्हते, हे सांगावयास नकोच. पण गणित तेच होते, आणि मला ते पुस्तकातून नव्हे तर चिमट्याच्या टोकाकडे पाहत कळले होते.

खिळे आणि संगणक यांच्या मध्ये ब्रोमाइडचा एक अल्पायुषी काळ आला. फोटो-टाइपसेटिंगवर जुळवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून, डिंकाने चिकटवून पाने तयार होत, आणि पृष्ठांक बदलला की टिंबांसह तेवढा तुकडा पातीने उचलून नवा लावावा लागे. त्या काळाविषयी माझ्यापाशी विशेष सांगण्यासारखे काही नाही. तुकडे तिरपे चिकटत, एवढेच.

पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये अल्डस या कंपनीने बाजारात आणले आणि १९९४ मध्ये ती कंपनी अ‍ॅडोबीने आपल्यात सामावून घेतली. आमच्याकडे ते रुजले ते मधल्या वर्षांत. त्यात टॅबचा थांबा कुठे असावा, आणि तिथवरची जागा कोरी सोडावी की टिंबांनी, रेघांनी अथवा आपल्या पसंतीच्या चिन्हाने भरावी, हे ठरवण्याची एक छोटी चौकट होती. ती पाहून आम्हांस वाटले की टिंबांचे दुर्भिक्ष कायमचे संपले. पण तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी अक्षरांनी थाटलेली बिऱ्हाडे होती. कोणत्या घरात कोण राहतो हे फाँटागणिक निराळे. त्यांतही रेमिंग्टन टंकलेखनयंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या फाँटांत इंग्रजी पूर्णविरामाच्या घरात अर्धा ‘ण’ राहत असे. एका सहकारी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची अनुक्रमणिका त्या फाँटात बसवली, टॅबला टिंबे लावली, आणि छापील प्रत बाहेर आली तेव्हा ‘अध्यक्षीय मनोगत’ आणि त्याचा पृष्ठांक यांच्या मध्ये अर्ध्या ‘ण’ची अखंड पलटण उभी होती. सॉफ्टवेअरने आपले काम चोख केले होते; त्याला टिंब हवे होते, आणि टिंबाच्या घराचे दार त्याने ठोठावले होते.

यावर आमच्या ऑपरेटरने तत्काळ तोड काढली. त्या फाँटात खरे टिंब संयोगचिन्हाच्या घरात असे. तेव्हा त्याने टिंबांच्या जागी संयोगचिन्ह भरावयास सांगितले, आणि पान सुधारले. पण दुसऱ्याच आठवड्यात संस्थेच्या चिटणीसांनी फाँट बदलण्याचा हुकूम सोडला, आणि टिंबांच्या जागी आता खरोखरच संयोगचिन्हांच्या रांगा आल्या. त्या दिवशी जी गोष्ट ध्यानात आली ती पुढे सर्व सॉफ्टवेअरांत उपयोगी पडली. टॅब हे जरी दिसत नसले तरी ते एक अक्षर आहे. त्यालाही फाँट असतो, आकारमान असते, रंग असतो, आणि त्याच्या मागे चालणारी टिंबे ही त्याचीच प्रजा असल्यामुळे राजाचे जे रूप तेच त्यांचे. टिंबांचे रूप बदलावयाचे असेल तर टिंबांस पकडून उपयोग नाही, कारण ती मजकुरात नसतातच. त्या अदृश्य अक्षरास पकडावे लागते. आम्ही तेव्हापासून टॅबच्या अक्षरास निराळा, साधा इंग्रजी फाँट देऊ लागलो. मजकुराचा फाँट कितीही वेळा फिरला तरी टिंबे टिंबेच राहिली.

हे न दिसणारे अक्षर ज्यांच्या गावी नसे अशांचे मजकूर आमच्याकडे विद्यापीठीय प्रबंधांच्या रूपाने येत. प्रबंधकर्त्यांनी टिंबे कळ दाबून दाबून, हाताने भरलेली असत. त्यांस दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्या मार्गदर्शकांनी आपले प्रबंध टंकलेखनयंत्रावर लिहून घेतले होते, आणि त्या यंत्रावर ही रीत अगदी शास्त्रशुद्ध होती: तिथे गाडा सरकवणारी प्रत्येक कळ तो सारखाच सरकवी, त्यामुळे मोजून टिंबे मारली की सर्व अंक एका उभ्या रेषेत येत. छपाईच्या अक्षरांत मात्र ‘क्ष’ची रुंदी निराळी, ‘र’ची निराळी, आणि टिंबाची तर फारच थोडी; तेव्हा कितीही मोजून टिंबे मारली तरी शेवटचा अंक एखाद्या टिंबाच्या अर्ध्या रुंदीने इकडेतिकडे राहतोच. शिवाय अक्षराचा आकार किंचित वाढवला की टिंबांचा शेवटचा घोळका अंकास बरोबर घेऊन खालच्या ओळीत उतरतो. असा एक प्रबंध आमच्याकडे आला होता, ज्याच्या अनुक्रमणिकेतील नुसती टिंबे काढून टाकण्यास सबंध सकाळ गेली. काढल्यावर मजकूर दीडच पान उरला, आणि प्रबंधकर्त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या संशोधनातच काटछाट झाली. त्यांस मी वर्ड या सर्वपरिचित सॉफ्टवेअरात शीर्षकांस शैली देऊन अनुक्रमणिका आपोआप कशी काढावी हे दाखवले. ते म्हणाले, ‘‘हे आधी का नाही कोणी सांगितलं?’’ या प्रश्नास उत्तर नव्हते.

पानांच्या मांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली. पण युनिकोडमधील, म्हणजे देवनागरी अक्षरांस स्वतःची घरे देणाऱ्या संकेतप्रणालीतील मराठी त्यात सरळपणे जुळू लागली ती २०१२ च्या सीएस-६ या आवृत्तीत वर्ल्ड-रेडी कंपोजर ही अक्षरजुळणीची सोय सर्वांच्या हाती आल्यानंतर. त्यापूर्वी पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूस पडे आणि जोडाक्षरे सुटी होत, म्हणून आमच्यासारखे लोक जुन्या फाँटांसच धरून बसले होते. या सॉफ्टवेअरात अनुक्रमणिका करण्याची तजवीज अशी आहे: प्रकरणांच्या शीर्षकांस एक परिच्छेदशैली द्यावयाची, ती शैली जिथे जिथे दिसेल तिथला मजकूर व पृष्ठांक उचलून आण असे सॉफ्टवेअरास सांगावयाचे, आणि उचलून आणलेल्या ओळीस कोणते रूप द्यावयाचे हे दुसऱ्या शैलीत नमूद करावयाचे. टॅबचा थांबा आणि त्याची टिंबे या दुसऱ्या शैलीत राहतात. याखेरीज नाव आणि अंक यांच्या मधल्या चिन्हास एक स्वतंत्र अक्षरशैली देण्याचा रकाना त्याच चौकटीत आहे, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. टिंबे बारीक करणे, विरळ करणे, त्यांचा फाँट बदलणे, हे सर्व त्या एका रकान्यातून साधते.

तो रकाना कोरा सोडून हाताने काम केले म्हणजे काय होते, हे मी एका तरुण सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिले. मुलगा कष्टाळू आणि दृष्टीने सूक्ष्म. एका चरित्रग्रंथाच्या अनुक्रमणिकेतील एकेक टॅब निवडून त्याने टिंबांचे आकारमान कमी केले, नावापासूनचे अंतर सारखे केले, आणि पान असे देखणे सजवले की प्रकाशकाने ते इतरांस दाखवले. मग लेखकाच्या सुहृदांपैकी कोणी एक बारा पानांची प्रस्तावना धाडली. पृष्ठांक बदलले, अनुक्रमणिका अद्ययावत करण्याची आज्ञा दिली गेली, आणि सॉफ्टवेअरने जुनी अनुक्रमणिका समूळ पुसून नवी लिहिली. हाताने केलेले सर्व लयास गेले. त्याने दुसऱ्यांदा तेच काम हाताने करावयास घेतले तेव्हा मी त्यास थांबवले, आणि त्याच्या डोळ्यांस जे कळले होते ते शैलीच्या रकान्यांत अंकांनी लिहून काढावयास सांगितले: किती पॉइंट, किती अंतर, किती उंची. त्यास सुरुवातीस हे अपमानास्पद वाटले, कारण आपली नजर आकड्यांत मावते हे कलावंतास रुचत नाही. पण पुढे शुद्धिपत्र आले, परिशिष्ट आले, ऋणनिर्देश लांबला, आणि पान दरवेळी जसेच्या तसे उभे राहिले.

आता त्या आकड्यांविषयी. टिंबाचे काम नजरेस ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचवणे हे असल्यामुळे ते दिसले पाहिजे, पण वाचले जाता कामा नये. सॉफ्टवेअर आपण होऊन जी टिंबे देते ती मजकुराच्याच आकाराची आणि दाट असतात. १४ पॉइंटांच्या मराठी मजकुरास तशी टिंबे लावली तर पानावर नावांपेक्षा टिंबेच अधिक बोलू लागतात. मी ती बहुधा ८ पॉइंटांवर आणते, आणि टॅबच्या चौकटीत नुसता पूर्णविराम न लिहिता पूर्णविराम व त्यापुढे एक मोकळी जागा असे लिहिते. त्या चौकटीत आठ चिन्हांपर्यंत काहीही लिहिता येते, आणि जे लिहावे त्याचीच पुनरावृत्ती होत जाते. कोणी तिथे तीन टिंबांचे एकत्र चिन्ह घालतात. त्यातील आतले अंतर आणि दोन चिन्हांमधले अंतर सारखे नसते, त्यामुळे ओळ अडखळत चालते.

टिंबे सौम्य दिसावीत म्हणून त्यांस करडा रंग देण्याचा मोह फार जणांस होतो, आणि पडद्यावर ते सुंदरही दिसते. परंतु ऑफसेट छपाईत करडा रंग म्हणून वेगळी शाई नसते; काळ्याच शाईचे बारीक जाळीबिंदू विरळ पेरून करडेपणाचा भास केलेला असतो. इंचास १५० रेषांची जाळी धरली तर दोन जाळीबिंदूंमधले अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर पडते, आणि ६ पॉइंटांच्या पूर्णविरामाची रुंदी त्याहून फारशी अधिक नसते. म्हणजे आपल्या एका टिंबाच्या वाट्यास एकदोन जाळीबिंदू येणार, तेही कडेला कापले गेलेले. छापल्यावर काही टिंबे अर्धी, काही फुटकी, काही नाहीशी. म्हणून मी टिंबे पूर्ण काळीच ठेवते आणि सौम्यपणा आकारातून व विरळपणातून साधते. खरखरीत कागद असला तर शाई पसरते हे ध्यानात घेऊन आकार आणखी थोडा उतरवावा. याची खातरजमा पडद्यावर होत नाही. कागदावर एक प्रत काढावीच लागते.

देवनागरीत टिंब ही निरुपद्रवी वस्तू नाही, हे इंग्रजी पुस्तकांवरून मांडणी शिकलेल्यांस उशिरा कळते. रोमन लिपीत टिंब ओळीच्या पायाशी असते आणि i, j या अक्षरांच्या डोक्यावर. आपल्याकडे डोक्यावरचे टिंब अर्थ फिरवते. षड्रिपूंवरील प्रवचनांच्या एका पुस्तकात ‘मोह’ हे दोन अक्षरी प्रकरण वर आणि ‘श्रीमंती, सत्ता आणि मद’ हे त्याच्या खाली होते. ओळी दाट होत्या. ‘मोह’पासून निघालेली टिंबे खालच्या लांब नावाच्या शिरोरेषेवरून जात होती, आणि त्यांतील एक नेमके ‘मद’ या शब्दावर येऊन बसले. वयोवृद्ध मुद्रितशोधकांनी समासात लाल शाईने लिहिले, ‘अनुस्वार काढावा’. अनुस्वार तिथे नव्हताच. दोन ओळींतले अंतर तीन पॉइंटांनी वाढवले तेव्हा हा आरोप मागे घेतला गेला. असाच घोटाळा नावाच्या आणि अंकाच्या टोकाशी होतो. पहिले टिंब नावाच्या शेवटच्या अक्षरास खेटून आले की ते संक्षेपाचे टिंब वाटते, आणि शेवटचे टिंब अंकास खेटून आले की दशांशचिन्ह; ‘.१२५’ असा पृष्ठांक मी छापील पुस्तकात पाहिलेला आहे. यावर उपाय म्हणजे मधल्या चिन्हाच्या रकान्यात टॅबच्या दोन्ही अंगांस एकेक ठरीव मोकळी जागा लिहून ठेवणे. जुळारी नावाजवळ कोरा तुकडा घालीत, तोच हा.

अंकांची बाब वेगळीच. जुन्या फाँटांपैकी ज्यांत इंग्रजी अंकांच्या जागी देवनागरी अंक बसवलेले असत, त्यांत आपोआप येणारे पृष्ठांक निमूटपणे मराठी दिसत. युनिकोडमध्ये ती सोय गेली. अनुक्रमणिका अद्ययावत केली की आमच्या आवृत्तीत इंग्रजी अंक हजर होत, आणि ते शोधून बदलण्याची आज्ञा शेवटच्या क्षणी पुन्हा चालवावी लागे. त्यातच मराठी ग्रंथांत प्रास्ताविक पृष्ठांस अक्षरी अंक देण्याची प्रथा आहे. प्रस्तावना ‘सात’वर, मनोगत ‘एकोणीस’वर, आणि पहिले प्रकरण ‘१’वर. त्यामुळे उजव्या काठावर एका ओळीत चार अक्षरांचा शब्द येतो आणि दुसऱ्या ओळीत एकच अंक, आणि टिंबांचा उजवा शेवट जिन्याच्या पायऱ्यांसारखा आतबाहेर होतो. काही प्रकाशक यासाठी ती प्रथाच सोडावयास तयार होते. मला ती सोडवेना, कारण प्रस्तावना ही ग्रंथाच्या उंबरठ्याबाहेरची आहे हे ती प्रथा न बोलता सांगते. मी प्रास्ताविक नोंदींचा एक वेगळा लहान गट करून त्यावरची टिंबेच काढून टाकली, आणि अक्षरी अंक नावापुढे स्वल्पविराम देऊन लिहिले. हे कोणास खटकले नाही.

दिवाळी अंकाचे काम ज्याने केले नाही त्यास अनुक्रमणिका म्हणजे काय ते पुरते कळले आहे असे मी म्हणणार नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे व जाहिराती यांचा तो संसार मराठी माणूस दरसाल मांडीत आला आहे. त्यात जाहिराती अखेरच्या दिवसापर्यंत येतात. सराफाची पूर्ण पान जाहिरात आली की तिच्यापुढील प्रत्येक कथेचा पृष्ठांक एकाने पुढे जातो. एखादी बँक माघार घेते आणि सगळे मागे येतात. शिवाय इथे एका ओळीत तीन गोष्टी असतात: शीर्षक, लेखक आणि अंक. शीर्षक व लेखक यांच्या मध्ये टिंबे, आणि लेखक व अंक यांच्या मध्ये पुन्हा टिंबे, अशी रचना मी प्रारंभी पुष्कळ अंकांत पाहिली. ती पाहताना लेखक दोन कुंपणांच्या मध्ये अडकल्यासारखा वाटतो. सॉफ्टवेअर शीर्षक आणि लेखक यांस दोन वेगळ्या नोंदी समजते आणि दोहोंस अंक देऊ पाहते. त्यांपैकी एकीस अंक देऊ नको असे सांगता येते. मी लेखकाचे नाव शीर्षकाखाली लहान अक्षरांत घेतले, अंक फक्त शीर्षकास दिला आणि टिंबे एकाच ओळीत ठेवली. एका संपादकांची यास हरकत होती, कारण नामवंत लेखकांची नावे लहान अक्षरांत गेली तर ते पुढच्या वर्षी लिहिणार नाहीत अशी त्यांस भीती होती. ती अगदीच निराधार होती असे नाही.

लांब शीर्षकांसाठी एक युक्ती आहे जी मला फार उशिरा गवसली. शीर्षक दोन ओळींत गेले तर पहिली ओळ थेट उजव्या काठापर्यंत, अंकाच्या रकान्यात शिरते. तेव्हा परिच्छेदास उजवीकडून १२ मिलिमीटर आत घ्यावे, आणि शेवटच्या ओळीच्या उजव्या समासास उणे १२ मिलिमीटर द्यावेत. मजकूर आत वळतो आणि अंक मात्र काठावर परत येतो. एवढे केले की टिंबे कधीही भलत्या ओळीत सुरू होत नाहीत.

हे सर्व कसब हाती आल्यावर एक प्रश्न मला सुचू लागला, जो आधी सुचावयास हवा होता असे वाचक म्हणतील: नाव आणि अंक यांच्यात इतके अंतर मुळात कोणी पाडले? डेमी आकाराच्या पानावर ‘बालपण’ हा शब्द डाव्या काठास आणि ‘९’ हा अंक उजव्या काठास नेऊन ठेवला तो आपणच. आणि मग त्या दोघांची ताटातूट झाली म्हणून मध्ये टिंबांची माणसे नेमली तीही आपणच. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट या कॅनडातील कवी-मुद्रणज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा टिंबांच्या ओळींस सरळ विरोध केला आहे, आणि अंक नावाच्या जवळ आणावा असे सुचवले आहे. ते वाचून मी काही काळ टिंबांची कट्टर वैरीण झाले. ललित गद्याच्या एका पुस्तकात मी अंक डावीकडे, नावाच्या आधी घेतला; एका कवितासंग्रहात अनुक्रमणिकेची रुंदी निम्मी करून ती पानाच्या मध्यावर ठेवली, म्हणजे अंतरच इतके उरले नाही की टिंबांची गरज पडावी. ही पाने मला आजही पाहावीशी वाटतात.

पण तो कट्टरपणा टिकला नाही, आणि टिकू नये हेच योग्य. एका कायद्याच्या पुस्तकाची अनुक्रमणिका दहा पाने चाले. कलमे, उपकलमे, परिशिष्टे, नमुने. ते वापरणारे वकील व कारकून नाव वाचीत नाहीत, कलम हुडकतात आणि अंकाकडे धावतात, आणि अंक उजव्या काठावर एका उभ्या रांगेत असले म्हणजेच त्यांचे काम भागते. तिथे टिंबे काढली तर एक ओळ वर किंवा खाली चुकून भलतेच पान उघडले जाईल. लाटेक या टेकवर उभारलेल्या प्रणालीने यात मोठी सुज्ञ मध्यस्थी केलेली आहे: ग्रंथाच्या तिच्या ठरीव साच्यात प्रकरणांची नावे ठळक व बिनटिंबांची असतात, आणि त्यांच्या पोटातील दाट उपविभागांसच टिंबे मिळतात. प्रकरणाभोवती मोकळी जागा असते, तिथे नजर चुकत नाही. चुकते ती गर्दीत. तेव्हापासून मी पान पाहते, अंतर मोजते, ओळींची दाटी पाहते, आणि वाचक त्या पानावर कशासाठी येणार आहे हे प्रकाशकास विचारते. या प्रश्नावर प्रकाशक सहसा गोंधळतात, कारण त्यांच्या हिशेबी अनुक्रमणिका ही पुस्तकात असावयाची म्हणून असते.

अलीकडे एका जुन्या कादंबरीची ई-आवृत्ती करण्याचे काम आले. तीत मजकूर वाचकाच्या पडद्याप्रमाणे वाहता असतो, अक्षर मोठे केले की पाने वाढतात, आणि अनुक्रमणिकेतील नावावर बोट ठेवले की प्रकरण उघडते, अंक नसतोच. प्रकाशकांनी मुद्रित पाहून विचारले, ‘‘बाई, टिंबं राहिली का?’’ मी म्हटले, टिंबांनी जिथे पोहोचवावयाचे ते ठिकाणच इथे नाही. त्यांस ते पटले, पण पान त्यांना रिकामे वाटत राहिले. थोडी का होईना, नावांखाली निदान एक रेघ तरी द्यावी, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून कळवले, आणि मी रेघ दिली.